अक्काचा गिअरबॉक्स

१२ फेब्रुवारी १९७८, रवि.

आज परत तेच. ह्यांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. वाऱ्यासाठी दार उघडं टाकलं होतं, तर म्हणाले, लाव. उकडतंय की हो, म्हटलं. "लाव म्हटलं की लाव." लावलं. कारण मला ठाऊक आहे. दार उघडं असलं की अंगणातली अक्का दिसते.

अक्का म्हणजे आमची पिकअप. जुनी, डिझेलची, लिलावातून घेतलेली. माझ्या आधी ह्या घरात आली म्हणून हे तिला अक्का म्हणतात, म्हणजे नात्यानं माझी थोरली नणंद. वागलीपण तशीच. दसऱ्याला हळदीकुंकू आधी तिला, मग उंबऱ्याला. आता लिंबाखाली उभी आहे आणि शेजारच्या कोंबड्या तिच्यावर बसून खालच्या जगाकडं बघतात.

बार्शीच्या अडतीत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी ह्यांच्या डाव्या मांडीवर आली, ती दसऱ्याच्या आसपासच. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, छान जुळलंय. पण मांडी वाळली, जोर गेला. रोज तेल लावते तेव्हा हाताला कळतं, एक मांडी गड्याची आणि एक पोराची. काठी घेऊन चालतात. पण क्लच दाबायचा पाय तोच की नेमका.

१४ फेब्रु., मंगळ.

शिवानंद आला होता, माझा दीर. मिलमधून सरळ, केसांत अजून कापूस. बाहेरच्या बाहेर मला म्हणाला, "वैनी, माढ्याचं एक गिऱ्हाईक हाय गाडीला. पाडव्याच्या सुमाराला येतो म्हणतंय. उभी राहून गंजायली की ती. दादा काय आता चालवत न्हाई."

हळू बोलला, पण आतून आवाज आला. "दे म्हणावं त्याला."

बस, एवढंच. मी शिवत होते ती ओळ वाकडी गेली.

शिवानंदवर रागावता येत नाही. दवाखान्यात भावाचं सगळं त्यानं केलं, मिलमध्ये खाडे करून. ह्यांच्यावर येतं रागावता, म्हणून संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, हे त्याहून वाईट. एरवी मी तासभर गप्प बसले तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस.

गाडी गेली तर हे उठायचे नाहीत. मला बाकी काही कळत नसेल, एवढं कळतं.

१६ फेब्रु., गुरु.

विजापूर वेशीत जाऊन आले, दस्तगीर मिस्त्रीच्या शेडला. निमित्त त्याच्या बायकोची शिवलेली पोलकी द्यायचं. ह्यांचा आणि मिस्त्रीचा स्नेह अक्काइतकाच जुना. अक्काचा प्रत्येक नट त्याला नावानं ओळखतो.

म्हटलं, मिस्त्री, मला ह्यांना परत गाडीवर बसवायचंय. कसं ते तुम्ही सांगा.

त्यानं विडी विझवली. मग म्हणाला, "भाबी, अक्का को हर गेर में दो बार किलच मारना पड़ता. एक बार निकालने कू, एक बार डालने कू. चन्नाशेठ का पाँव इत्ता नै देगा."

ते मलाही माहीत होतं. अक्काचं तसंच आहे पहिल्यापासून, डबल क्लच मारला नाही तर गिअर दात खातो.

"नई गाड्याँ में एकीच बार. गेर आपेआप मिलता. किलच बी नरम."

मग त्यानं सांगितलं. मोडनिंबच्या अलीकडं हायवेला एक नवी पिकअप बाभळीवर आदळून पडलीय. इंजिन गेलंय, गिअरबॉक्स शाबूत. तो काढून अक्काला बसवायचा.

"बसंल का पण?"

"बिठाये तो बैठता. नै बिठाये तो नै बैठता."

असलं उत्तर मला आवडतं. डॉक्टरांपेक्षा बरं.

(गिअरबॉक्स हा शब्द रोज कोण लिहिणार. इथून पुढं गि.बॉ.)

२० फेब्रु., सोम.

सिद्धेश्वराला जाऊन आले. ह्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि त्याच दमात सांगून टाकलं, अक्काला नवा गि.बॉ. बसवणार आहे.

बाई गं! केवढा चिडला माणूस. उठूनच बसले. "डबल क्लच मारता येत न्हाई त्यानं बैलगाडी हाकावी. दुसऱ्या गाडीचं काळीज काढून हिच्या पोटात घालणार? साकु आता." ह्यांना राग आला की कानडी येते. साकु म्हणजे पुरे.

म्हटलं, साकु म्हणायला मी विचारलं नाही, सांगितलंय.

ओरडले ते बरंच वाटलं खरं तर. किती दिवसांनी एवढा आवाज निघाला. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून गेल्या.

ह्यांचा सगळा मान त्या डबल क्लचमध्ये आहे. लग्न होऊन अक्कलकोटहून सोलापूरला आले ती अक्काच्याच पुढच्या बाकावर. नवी नवरी, मान खाली. वाटेत हे एकदम म्हणाले, "बघ." मला वाटलं देऊळ दाखवतायत. इकडं बघते, तिकडं बघते, कुठं काही नाही. म्हणाले, "अगं, गिअर बदलला. आवाज आला का तुला?" नाही म्हटलं. केवढे खूश झाले! तेव्हाच मला कळायला हवं होतं, आपण कुणाच्या घरी चाललोय ते.

२५ फेब्रु., शनि.

मिस्त्रीबरोबर एसटीनं मोडनिंबला. ती गाडी एका शेतकऱ्याच्या खळ्यात ठेवलीय. मिस्त्री खाली शिरला, काहीतरी हातानं फिरवलं, कान लावून ऐकलं, मग बोट बुडवून तेलाचा वास घेतला. मी ताकाचा घेते तसा. "अच्छा है," म्हणाला.

शेतकरी मला विचारतो, "तुमी कोण यांच्या?" गाडीची भावजय, म्हणणार होते. गाडीची मालकीण म्हटलं.

काढायला दुपार गेली. तो क्लचही बरोबर घेतला, जोडीचा असतो म्हणे. येताना कांद्याच्या ट्रकनं आलो, गि.बॉ. माझ्या जुन्या वाकळीत गुंडाळून. उतरवून लिंबाखाली ठेवला. ह्यांनी खाटेवरूनच विचारलं, "वाकळीत कुणाचं लेकरू आणलंय?"

तुमचंच, म्हटलं. ह्यांनी कूस बदलली. दाराच्या बाजूला.

१ मार्च, बुध.

मिस्त्री सकाळीच आला. अक्काला शेडला न्यायची तर ढकलत न्यावी लागेल, त्यापेक्षा हितंच करू म्हणाला. जुना गि.बॉ. उतरवला. केवढं धूड! मी आणि मिस्त्रीनं फळीवर घेतला. माझ्या लुगड्याला काळं तेल लागलं ते जाणार नाही.

दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं. आज लाव म्हणाले नाहीत. मध्येच आतून आवाज, "मिस्त्री, खालचा बोल्ट आधी सोडू नको. सगळं अंगावर घेशील." मिस्त्रीनं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला. तो बोल्ट त्यानं केव्हाच सोडला होता. तरी म्हणाला, "हौ शेठ, अच्छा हुआ बोले."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला दोनदा चहा दिला.

४ मार्च, शनि.

बसत नाही.

इंजिनाच्या पाठीला जिथं भोकं आहेत तिथं नव्या गि.बॉ.ला नाहीत आणि त्याला आहेत तिथं इंजिनाला नाहीत. हे मिस्त्रीला आधीच ठाऊक होतं म्हणे. मध्ये जाड लोखंडी प्लेट घालायची, इकडची भोकं इकडं, तिकडची तिकडं. म्हणजे दोन घरच्या सोयरिकीत मधला माणूस असतो तशी. लेथवाला करून देईल, पण त्याला माप अचूक पाहिजे.

मिस्त्रीनं पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढून दाखवलं. काय काढलं होतं ते त्यालाही सांगता येईना. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण आखायला बसला की कोंबडी चालल्यागत.

म्हटलं, सरका. अहो, मी गल्लीतल्या सगळ्या बायकांचे गळे आणि काखा कागदावर बेतते, हे तर हलतसुद्धा नाही, श्वास घेत नाही. वर्तमानपत्र गि.बॉ.च्या तोंडावर दाबलं, भोकांचे तेलाचे गोल डाग उठले. तसंच इंजिनाच्या तोंडावर दुसरं. मग एकावर एक धरून आखलं, कापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं. लेथवाल्याला समजावं म्हणून खडूनं ठळक 'वर' लिहून दिलं.

मिस्त्री म्हणाला, "वाह भाबी!" ऐकायला बरं वाटतं, खोटं का बोलू.

८ मार्च, बुध.

आज काय झालं ते लिहिताना अजून कान तापतायत.

लेथवरून प्लेट आली. जाडजूड, चकचकीत, आरशासारखी. मिस्त्रीनं लावून बघितली. काही जुळेना. फिरवली, तरी नाही. उलटी केली आणि सगळी भोकं बरोबर जुळली. पण उलटी केली की बोल्टची डोकी आत बुडायला पाडलेल्या वाट्या नको त्या बाजूला येतात. डोकी वर राहतात, गि.बॉ. चिकटून बसत नाही.

मिस्त्री माझ्याकडं बघतो, मी पुठ्ठ्याकडं. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. झंपर बेतताना कापडाच्या उलट्या बाजूला आखायचं, ही माझी जन्माची सवय. कागदही मी तसाच उलटा टाकून पाठीवर आखला आणि उलट्या बाजूवर 'वर' लिहून मोकळी झाले. लेथवाल्यानं बिचाऱ्यानं माझं ऐकलं.

मिस्त्री हळूच म्हणाला, "भाबी, बिलाउज उलटा सिल गया."

आणि आतून हसण्याचा आवाज आला. आधी मला कळेचना काय आहे ते. खोकला वाटला. हे हसत होते! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अय्यय्यो, अक्काला झंपर उलटं घातलं! आता बटणं पाठीला लाव म्हणावं!" थांबायचं नाव नाही. मी तणतणत आत गेले, म्हटलं, हसा, हसा, तिकडं घाम गाळतीय मी आणि तुम्ही हसा. तर आणखीनच.

राग तर एवढा आला होता की बस. आणि रडूही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसला माझा माणूस, तेही माझ्या मूर्खपणावर. असू दे. रोज एक प्लेट उलटी करीन.

मग काठी मागितली. स्वतःहून उंबरा ओलांडला आणि लिंबाखाली आले. अक्काकडं बघितलं नाही. प्लेट घेतली, उजेडात धरली, अंगठा फिरवला. म्हणाले, "जाड हाय. ह्याच भोकांना दुसऱ्या बाजूनं वाट्या पाडून घे. उलटून लाव. काय होत न्हाई."

मिस्त्री म्हणाला, "हौ." ह्या वेळी खरंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं असं वाटलं. की होतं? त्या माणसाचं काही कळत नाही.

११ मार्च, शनि.

बसला! प्लेट बसली, गि.बॉ. बसला. हे खुर्ची टाकून शेजारी, "डावीकडं, आणखी, हां, बास बास." मिस्त्री खालून शिव्या देतोय, हे वरून. घर भरल्यासारखं वाटलं. लेकीला, गिरिजाला, अक्कलकोटला दिल्यापासून एवढा गलका नव्हता घरात.

कोंबड्यांना हाकलायचं काम ह्यांनी अंगावर घेतलंय. काठीनं.

१६ मार्च, गुरु.

नवा गि.बॉ. लांबीला जास्त, म्हणून मागचा शाफ्ट कापून तोकडा केला. आणि गिअरचा दांडा आला तो थेट बाकाच्या पोटात. पुढच्या बाकाला मध्ये खाच घेतल्याशिवाय दुसरा गिअर पडत नाही.

आता हे काम माझं. बाकाची फळी मिस्त्रीनं कापली, काथ्या मी भरला, रेक्झिन मी शिवतेय. ह्यांनी बजावलं, "सुलटं शीव."

मी सुई टोचली. लागली नाही, पण ओरडले असे की गल्लीतून येत होता तो शिवानंद धावत आला. त्यानं भावाला अंगणात बघितलं, हात काळे, बनियनवर ग्रीस. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, मी त्या माढ्याच्याला काय सांगू?"

म्हटलं, तुझ्या दादाला विचार.

दादा म्हणाले, "येऊ दे. बघून जाऊ दे. गाडी चालती झाली तर किंमत बरी यील."

म्हणजे अजून विकायचं डोक्यात आहेच! रेक्झिनची शिलाई तिथंच थांबवली आणि रात्री भाकरीबरोबर नुसती चटणी वाढली.

२६ मार्च, रवि.

नारळ फोडला. मिस्त्रीनं इंजिन चालू केलं, काळा धूर, मग ठेक्यावर आलं. ह्यांना म्हणाला, "शेठ, बैठो."

हे म्हणाले, तूच बस. मिस्त्री म्हणाला, माझी पाठ धरलीय. खोटारडा. मीही तोंड फिरवून लिंबाची पानं मोजल्यासारखं केलं.

चढले. आधी उजवा पाय, मग डावा हातानं उचलून आत घेतला. मांडीवर हात ठेवून क्षणभर बसले. मग क्लच दाबला. एकदाच. दांडा ओढला. आवाज नाही, काही नाही. अक्का हलली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि मागं मागं परत आली.

उतरले तेव्हा चेहरा असा, जणू कुणीतरी फसवलंय. "ह्याला काय गिअर म्हणायचं? नुसता पडतोय. हातानं काय करायचंच न्हाई."

बरं झालं की मग!

"शेंबडं पोरगं चालवील ही गाडी."

तुम्ही चालवलीत ना? बास मला.

जेवताना दोनदा भात मागितला. झोपताना आपलं आपलंच म्हणाले, "दुसरा जरा चिकटतोय. तेल बदलायला पाहिजे." मी झोपल्याचं सोंग घेतलं आणि अंधारात गालातल्या गालात हसत पडले.

२ एप्रिल, रवि.

सकाळी होम मैदानावर चकरा. मी शेजारी. रिकामी गाडी, सपाट जमीन, छान चालवतात. पण शेवटी शेवटी पाय थरथरायला लागतो. मला कळू नये म्हणून पेडलवरून काढून बाजूला घेतात आणि खिडकीबाहेर बघतात. तेल कोण लावतं रोज? मला नाही कळणार?

विचारलं तर, "कुटं काय? ठीक हाय." बरं, ठीक तर ठीक.

लग्नसराई तोंडावर आली. झंपरांचा ढीग पडलाय. मशीनला हात लावायला वेळ नाही आणि मी फिरतेय गाडीतून.

९ एप्रिल, रवि.

काल पाडवा. गुढीला घातला तसाच साखरेचा हार अक्कालाही घातला. मुंग्या लागल्या, ह्यांनी माझ्या नावानं शंख केला.

शिवानंदनं सांगितलं, माढ्याचं गिऱ्हाईक मंगळवारी सकाळी येतंय.

हे म्हणाले, उद्या तुळजापूरला चादरींचे गठ्ठे टाकून येऊ. चादरवाल्याला शब्द दिलाय. मी म्हटलं, घाट आहे. म्हणाले, घाट आहे म्हणूनच. घाट चढली तर चढली, नाहीतर माढ्याच्याला देऊन मोकळा होतो.

देवा सिद्धेश्वरा, एवढं एकदा.

१० एप्रिल, सोम.

हात दुखतायत, तरी लिहिते. आज नाही लिहिलं तर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी निघालो, मागं गठ्ठे. सपाटीला काही वाटलं नाही. हे गुणगुणत होते. घाट लागला आणि पहिल्याच वळणाला अक्का भारानं दमली. गिअर उतरवायला पाहिजे. ह्यांनी पाय दाबला, पेडल अर्ध्यात गेलं आणि पाय लटपटून सुटला. परत दाबला. नाही. अक्का आचके द्यायला लागली. "दगड! दगड लाव!" ह्यांनी हात-ब्रेक ओढून धरला, मी उडी टाकून मागच्या चाकाला धोंडा लावला. मागून एक एसटी हॉर्न मारत निघून गेली.

मी परत येऊन बसले. हे स्टिअरिंगवर डोकं टेकून. घामानं सदरा ओला. डावी मांडी अशी उडत होती की मला बघवेना.

"संपलं," म्हणाले. "तू लई केलंस गं. मिस्त्रीनं केलं. पण न्हाई होत. उद्या देऊन टाकू माढ्याच्याला."

मला एवढा संताप आला! कुणावर ते माहीत नाही. पोत्यांवर, घाटावर, त्या डॉक्टरांच्या छान जुळलंयवर. म्हटलं, "पाय ठेवा पेडलवर."

"काय?"

"नुसता ठेवा. जोर लावू नका."

आणि त्यांच्या गुडघ्याच्या वर माझे दोन्ही हात टेकवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. पेडल खाली गेलं. पार तळापर्यंत.

ते माझ्याकडं बघतच राहिले.

"गिअर टाका की! किती वेळ धरू?"

टाकला. म्हणाले, सोड. मी सोडला एकदम, अक्का धाडकन उडी मारून बंद पडली. "सावकाश गं! पीठ मळतीस का?" परत. आता सावकाश सोडला, ह्यांनी हात-ब्रेक खाली टाकला, अक्का हलली, धोंडा मागं राहिला.

घाट असाच चढलो. हे "हं" म्हणाले की मी दाबायचं, "सोड" म्हणाले की सोडायचं. एकदा मी घाईनं आधीच सोडला आणि गिअर करकरला. आता खाते बोलणी, म्हटलं. ज्या माणसानं एवढ्या वर्षांत गिअरचा दात वाजू दिला नाही, तो पुढं रस्त्याकडं बघत म्हणाला, "असू दे. होतं." बास, मग मला रडू आलं, आणि दोन्ही हात त्यांच्या मांडीवर अडकलेले, पुसायला नव्हते.

वर पोचलो. गठ्ठे उतरवले. हमाल विचारतो, "काय मालक, बरं हाय का आता?" हे म्हणाले, "बरं हाय. निम्मं माझं, निम्मं हिचं." हमालाला काही कळलं नाही. परतीला उतारालाही तसंच आलो. एका वळणाला समोरनं ट्रक आला, हे "हं" म्हणायच्या आत मी दाबला होता. ह्यांनी नुसता गिअर टाकला.

आत्ता जेवणं झाली. मी हाताला तेल लावत बसले तर हे खाटेवरनं म्हणाले, "लीला, रोज येशील बरोबर?"

म्हटलं, आणि माझी झंपरं? लग्नाच्या बायका झोडपतील मला. आणि लोक काय म्हणतील, मालाच्या गाडीत बायको घेऊन हिंडतोय, भर बाजारात तिचे हात ह्याच्या मांडीवर!

"म्हणू देत की. तू येणार असशील तर उद्या माढ्याच्याला चहा पाजून परत लावतो. नसशील तर..."

मी म्हटलं, सकाळी सांगते, विचार करून.

विचार कसला कपाळाचा. पण लगेच हो म्हटलं तर हा माणूस डोक्यावर बसेल. झोपले नाहीत अजून, कूस बदलतायत, मला ऐकू येतंय. तळमळू दे जरा. मलाही कुठं झोप लागतेय.